सुभेदाराला शिकवलेलं मरण

॥ श्री वीतरागाय नमः ॥

मु. पो. समडोळी, ता. मिरज, जि. सांगली
रविवार, दि. १७ फेब्रुवारी १९७४

राजमान्य राजश्री सयाजीराव, माजी हवालदार, मुक्काम अंगापूर, जिल्हा सातारा, यांच्या सेवेशी –

सुकुमार आण्णाप्पा पाटील याचा सप्रेम जयजिनेंद्र, आणि तुमच्याकडच्या रीतीप्रमाणं वरती एक रामराम. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढं येतंच आहे.) आपल्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे? वहिनींना माझा नमस्कार सांगावा. गुडघा बरा नसेल तर बरा होईपर्यंत घरी बसावं, आणि बरा असेल तरी घरीच बसावं. निदान दुसऱ्याच्या घरी पंधरा दिवस मुक्काम ठोकून त्याच्या कुत्र्याला काही शिकवायला जाऊ नये, एवढी या गरिबाची विनंती आहे.

सांगलीच्या हायस्कुलात चार वर्षं एका बाकावर बसलेल्या माणसाला मी 'आपण' का म्हणतोय, असा प्रश्न तुला पडला असेल. रागात असलो की मी 'आपण' म्हणतो, आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पत्र लांबणार, आणि एवढा मान तुला शेवटपर्यंत पेलायचा नाही, म्हणून 'तू'वर येतो. राग मात्र तसाच आहे असं समजून पुढचं वाच.

दिवाळी आटोपून तू गावी गेलास आणि तिथून मला चार पानी पत्र धाडलंस, कुत्र्याला करामती शिकवण्याचे फायदे या विषयावर. फौजेच्या कुत्र्यांच्या पथकात वीस वर्षं काढलेल्या माणसाचं ते पत्र, म्हणून मी ते घडी घालून आमच्या पोरीच्या, त्रिशलाच्या, पत्रिकेशेजारी ठेवलं आहे. तू लिहिलंस की करामती शिकलेलं कुत्रं आज्ञेत राहतं, घराला शिस्त लागते, चोर फिरकत नाहीत, मालकाचा गावात मान वाढतो आणि त्याच्या अंगी सोशिकपणा येतो. सयाजी, मी उगाच कुणाच्या विद्येला नावं ठेवणारा माणूस नाही. हे सगळे फायदे मला मिळाले. इतके मिळाले की आता ठेवायला घरात जागा उरली नाही.

कुत्रं आज्ञेत आहे, यात शंका नाही. फक्त ते तुझ्या आज्ञेत आहे. पिलू तूच टोपलीत घालून एस.टी.नं आणलंस, त्याचा आजा अल्सेशियन होता म्हणून सांगितलंस (आजा असेलही, बाकी सगळं घराणं अंगापूरचं दिसतंय), आणि नाव ठेवलंस सुभेदार. जन्मभर हवालदार राहिलेल्या माणसाला 'सुभेदार, बैठ' म्हणताना काय गार वाटत असेल ते मी समजू शकतो. पण मी 'बैठ' म्हटलं की ते दाराकडं बघतं, तू आलास की काय म्हणून. शेवटी मला तुझ्यासारखा पोटातून आवाज काढायची सवय करावी लागली. त्रिशलाची आई म्हणते की दिवाळीपासून मी मीठ मागितलं तरी एस.टी.चा कंडक्टर उतरायला सांगतोय असं वाटतं.

मान वाढल्याचं म्हणशील तर सगळा गाव आता सकाळी माझ्या दारात असतो. तू त्याला चपला आणून द्यायला शिकवलंस ना, ते त्यानं मनावर घेतलं. आमच्या बस्तीत, म्हणजे जिनमंदिरात, सकाळी दर्शनाला गावातले सगळे श्रावक येतात आणि अर्थातच पायातलं बाहेर काढून आत जातात. सुभेदार रोज तिथं हजर. एकेक जोड तोंडात धरून तो माझ्या सोप्यात आणून मांडतो, तेही ओळीत, तुझ्या शिस्तीप्रमाणं. मग आतून णमोकार म्हणून बाहेर आलेली माणसं अनवाणी माझ्या घराकडं चालू लागतात आणि वाटेत जे म्हणतात ते मंत्रात कुठंच नाही. एकदा पाठशाळेच्या गुरुजींचा उजव्या पायातला एकच आणला होता. डावा अजून सापडलेला नाही, आणि गुरुजी मला बघितलं की पायाकडं बघतात.

चोरांचंही ऐक. खाकी दिसलं की सलाम ठोकायचा, हे तुझं शिक्षण. जानेवारीत कुणीतरी खाकी अर्धी चड्डी घालून आला आणि माझ्या विहिरीवरच्या इंजिनाचा पट्टा कापून घेऊन गेला. शेजारच्या मळ्यातल्या साळूबाईनं सगळं बघितलं. तिचं म्हणणं, कुत्र्यानं पुढचा पाय वर करून त्याला सलाम केला, मग त्यानं कुत्र्याशी हात मिळवला आणि मग तो पट्टा घेऊन गेला. तिला वाटलं सरकारी माणूस असेल. (तिची काय चूक? सुभेदारानं सलाम केल्यावर माणसानं काय समजायचं?) सोशिकपणा माझ्या अंगी आला तो साधारण या सुमारास.

पण हे सगळं मी गिळलं असतं. हे पत्र त्यासाठी नाही. पत्र आहे तू शिकवलेल्या मरणासाठी. काठी खांद्याला लावून नेम धरला की कण्हायचं, स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची, पडायचं, चारी पाय ताणायचे, जीभ बाहेर काढायची आणि कुणीतरी कपाळावर हात ठेवेपर्यंत डोळा उघडायचा नाही, मग उठून सलाम ठोकायचा. नाकाशी तुपातला शिरा धरला तरी तो हलत नाही, हे तू आम्हा सगळ्यांना अंगणात दाखवलंस. त्रिशला हसून हसून खाली बसली होती. मीही हसलो होतो, हे आता कबूल करतो.

त्रिशलाला पाहायला नांद्र्याची मंडळी आली, त्या दिवसाचं सांगतो. मुलगा अजितकुमार, शेतकी पदवीधर, कारखान्यात उसाच्या नोंदी बघतो. पोरगा शांत, बोलणं मोजकं, आणि कॉलेजात असताना त्रिशलानं त्याला दोन-चारदा बघितलेलं होतं. (किती ते मी विचारलं नाही. तिच्या आईला माहीत आहे आणि तेवढं पुरे.) तुला सांगतो सयाजी, पोरीनं आजवर माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. हे स्थळ आलं तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारातून एवढंच म्हणाली, 'आप्पा, ह्या खेपेला सुभेदाराला गोठ्यात बांधा.' त्यावरून मला कळायचं ते कळलं.

त्या घरात दोन अडचणी. एक मुलाचा बाप भूपाल. माणूस वाईट नाही, पण आवाज असा की शेजारच्या शिवारातले बैल थांबावेत, आणि तो आवाज मुख्यतः घरातल्या बायकांवर चालतो. त्याच्या मनात जयसिंगपूरकडचं एक मोठं बागायतदार घर होतं. दुसरी अडचण मुलाची आज्जी, म्हणजे भूपालची आई, चंदनबाला. पंचाहत्तरीची बाई, चौदसीचा उपास चुकवत नाही, पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, आणि घरात त्यांच्या होकाराशिवाय पोतं हलत नाही. त्यांना कुत्र्याचा तिटकारा. मांस खाणारा जीव श्रावकाच्या उंबऱ्याच्या आत नको, हे त्यांचं म्हणणं. आता आमचा सुभेदार आमच्याबरोबर दिवस मावळायच्या आत दूधभाकरी खातो आणि त्यानंतर पाण्यालाही तोंड लावत नाही, एवढं व्रत माझ्याच्यानं पाळवत नाही. पण हे आज्जींना सांगायला कुत्रा आहे हे आधी सांगायला हवं होतं. आम्ही ते सांगितलं नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. पोहे झाले, त्रिशला आली, पाटावर बसली, दोन प्रश्न झाले. भूपाल माझ्या आढ्याकडं बघून वासे मोजत होते. तेवढ्यात सुभेदार गोठ्यात खुंटीला बांधलेलं दावं सोडवून आला. (दाव्याची गाठ तोंडानं सोडवायचीही करामत तूच शिकवलीस, ते मी विसरलो होतो.) तोंडात आज्जींची वहाण. भरल्या सोप्यातून नीट चालत तो त्यांच्यासमोर आला, वहाण त्यांच्या पायाशी ठेवली आणि शाबासकीची वाट बघत बसला. चामड्याचं पायातलं, बसल्या जागी, कुत्र्याच्या तोंडातून.

आज्जी उठल्या. त्यांना लांबचं नीट दिसत नाही, म्हणून कुणाला काही दाखवायचं तर त्या काठी खांद्याच्या उंचीला सरळ पुढं धरतात. तशी त्यांनी ती सुभेदारावर धरली आणि म्हणाल्या, 'कुत्रं पाळत्यात व्हय ह्या घरात? मग हितं आमची सोयरीक न्हाई.'

सुभेदारानं बंदुकीची नळी ओळखली. तो कण्हला, त्यानं गिरकी घेतली आणि तो मेला. तुझ्यासमोर मेला होता त्याहून चांगला मेला. जीभ अशी बाहेर काढली की क्षणभर मलाही खरंच वाटलं.

आज्जींच्या हातातली काठी गळाली. 'म्या हात बी लावला न्हाई वं,' एवढंच त्या म्हणाल्या, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो. बघ सयाजी, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून ही बाई जन्मभर खाली बघून चालली आहे. रागानं बोललेल्या एका शब्दानं आपण पंचेंद्रिय जीव मारला, असं तिला वाटलं. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तीन शब्दांचं काम होतं. मी त्रिशलाकडं बघितलं, ती पाटाकडं बघत होती, आणि माझ्या तोंडून ते तीन शब्द आले नाहीत. माझ्या जन्मात मी एवढा भित्रा कधी झालो नव्हतो.

आमच्यात रीत आहे, मरणाऱ्या जिवाच्या कानात णमोकार म्हणायचा, म्हणजे त्याची पुढची गती सुधारते. आज्जी पंचाहत्तरीच्या गुडघ्यांनिशी खाली बसल्या, सोवळ्याओवळ्याचा विचार सोडला, कुत्र्याच्या कानाला तोंड लावलं आणि मंत्र म्हटला. एकदा म्हटला, दोनदा म्हटला. सुभेदार तुझा शिष्य, तो कसला हलतोय. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. सुभेदार उठला, अंग झाडलं आणि पुढचा पाय वर करून त्यांना सलाम केला.

त्यानंतर सोप्यात काय झालं त्याचं वर्णन मला जमणार नाही. भूपाल आढ्याकडं बघायचे थांबले, एवढं सांगतो. आज्जींनी डोळे पुसले आणि जाहीर केलं की सोयरीक इथंच होणार, या घरातला जीव मंत्राला उठतो. भूपालांच्या तोंडून जयसिंगपूर हा शब्द पुन्हा निघाला नाही. अजितकुमारनं पहिल्यांदा वर बघितलं, त्रिशलानंही. वैशाखातला मुहूर्त ठरला आणि मी सगळ्यांना पेढे वाटले. तो पेढा माझ्या घशातून मात्र अजून खाली उतरलेला नाही.

आता तुझ्या विद्येचं फळ बघ. मिरज तालुक्यातून माणसं सुभेदाराच्या दर्शनाला येतात. नारळ आणतात, केळी आणतात. परवा तुंगचा एक जण फुगलेली म्हैस घेऊन आला आणि कुत्र्याला तिच्यासमोर बसवून गेला. (म्हशीला गूळ-तेल पाजलं तेव्हा ती बरी झाली, पण नाव सुभेदाराचं झालं.) पेढे खाऊन सुभेदाराला आता उडी मारवत नाही. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण नांद्र्याला आज्जींनी प्रायश्चित्त घेतलं आहे. जीव वाचला तरी राग आपल्या मनात आला होता, त्याचं पाप आहेच, असं त्यांचं म्हणणं. लग्न होईपर्यंत एक वेळ जेवण, तेही अळणी, गूळ नाही, तूप नाही. पंचाहत्तराव्या वर्षी. जो येतो तो मला सांगतो की आज्जी वाळल्या, आज्जी वाळल्या, आणि त्यांच्या भक्तीचं कौतुक करतो.

न केलेल्या पापापायी ही बाई झिजते आहे, आणि ते पाप कुणी केलं ते मला माहीत आहे. निम्मं तू केलंस, निम्मं मी. सांगावं तर सोयरीक मोडते, भूपाल तेवढ्याचीच वाट बघत असणार, आणि माझ्या पोरीनं जन्मात मागितलेली एकच गोष्ट मीच तिच्या हातातून काढून घेतो. न सांगावं तर वैशाखापर्यंत आज्जी टिकतात की नाही कोण जाणे. परवाच्या गुरुवारी मी मनाचा हिय्या केला, सायकल काढली आणि नांद्र्याला गेलो. दारात पोचलो तर आत भूपाल थोरल्या सुनेवर ओरडत होते, अंघोळीचं पाणी कोमट दिलं म्हणून. सून भिंतीला चिकटून उभी होती. आज्जी कॉटवर पडून होत्या, हाताच्या काड्या झालेल्या. मला बघून म्हणाल्या, 'कुत्रं बरं हाय न्हवं?' मी म्हटलं, बरं आहे. पाणी प्यालो आणि सायकल वळवून घरी आलो. सहा मैल मी स्वतःला शिव्या दिल्या, त्यातल्या अर्ध्या तुझ्या नावावर आहेत, त्या पोचल्या म्हणून समजावं.

म्हणून हे पत्र. तुझे फायदे मला नकोत. तुझा सुभेदार येऊन घेऊन जा आणि जाताना नांद्र्याला जाऊन आज्जींना तूच सांग, की हे कुत्रं फौजी मरण शिकलेलं आहे. तू परका, मराठा गडी, शिवाय हवालदार, तुला काठी बसली तरी सोसशील. मला ते सांगवत नाही, हे तुला लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

वहिनींना पुन्हा नमस्कार. मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांध.

तुझा (नाइलाजानं) मित्र,
सुकुमार

ता. क. – येताना खाकी काही घालू नकोस. दारातच सलाम होईल आणि आलेल्या दर्शनार्थींना वाटेल की आणखी एक देव आला.

ता. क. दुसरा – पत्र रविवारी लिहिलं, ते सोमवारी टाकायचं राहिलं. आज मंगळवार. सकाळी अजितकुमारच्या बैलगाडीतून आज्जी स्वतः आल्या, म्हणे कुत्र्याचं दर्शन घ्यायचं आहे, आणि ते एकटीनं घ्यायचं आहे. सगळ्यांना घरात पाठवून त्या मागच्या अंगणात गेल्या. मी कडब्याच्या गंजीआड लपलो. (वय वर्षं एकावन्न.) आज्जींनी इकडंतिकडं बघितलं, काठी उचलली, खांद्याच्या उंचीला धरली. सुभेदार मेला. मंत्र न म्हणता त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. सुभेदार उठला आणि त्यानं सलाम केला. असं त्यांनी पाच वेळा केलं. पाचव्या वेळी त्यांनीही उलट सलाम केला.

मग माझ्याकडं न वळताच म्हणाल्या, 'भाईर या की. कडब्यात बसून अंग खाजंल.' मी बाहेर आलो आणि त्यांचे पाय धरले. म्हणाल्या, 'खोटं बोलला न्हाईसा, नुसतं गप बसलासा. पाप हाय, पर लगीन झाल्यावर फेडा.' त्यांना खरोखरच पाप वाटलं होतं. पंधरा दिवस त्यांना घास गिळत नव्हता. मग एक दिवस त्यांच्या मनात आलं की मंत्रानं उठलेला जीव हात जोडेल, सलाम कशाला ठोकेल? तेव्हापासून इथं यायचं त्यांच्या मनात होतं. मी विचारलं, सोयरीक? म्हणाल्या, 'पोरगी माज्या नातवाच्या मनात हाय, ते मला कुत्रं यायच्या आदी ठावं हुतं. भूपालचं त्वांड बंद करायला कायतरी लागत हुतं, ते ह्येनं दिलं.' नंतर आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी दोन भाकऱ्या आणि वाटीभर आमटी खाल्ली, तूप मागून घेतलं, आणि हे सगळं त्रिशलाच्या आईनं डोळे पुसत वाढलं.

ता. क. तिसरा – तेव्हा सुभेदाराला न्यायला येऊ नकोस. तो लग्नानंतर त्रिशलाबरोबर नांद्र्याला जाणार आहे, आज्जींनीच मागून घेतला. पण तू ये, आणि वैशाखाच्या आत ये, गुडघा कसाही असो. आज्जींना त्याला आणखी एक मरण शिकवून हवं आहे. घरात कुणीही सुनेवर आवाज चढवला की त्यानं तिथल्या तिथं पडायचं, आणि तो माणूस गप झाल्याशिवाय उठायचं नाही. मी म्हटलं, सयाजी शिकवील, पण त्यासाठी रोज कुणीतरी भूपालांसारखं ओरडायला हवं, आणि भूपालांना तर सांगता येत नाही. आज्जी म्हणाल्या, 'वरडायला म्या येती. भूपालचा आवाज त्येच्या बापावर गेलाय, आन् तो म्या पन्नास वर्सं ऐकलाय.'